सोमवारचा रकाना

कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने एक कागद चिकटवला आहे. सोळा ओळी, सात रकाने. मंगळवारी तासभर हलकी सायकल, बुधवारी बोपदेव घाट दोनदा, गुरुवारी पुन्हा तासभर, शुक्रवारी घरच्या घरी व्यायाम, शनिवारी ८० किलोमीटर, रविवारी १००. जसजसं खाली यावं तसतसे शनिवार-रविवारचे आकडे वाढत जातात, दर चौथ्या ओळीत जरा उतरतात आणि पुन्हा चढतात. शेवटच्या दोन ओळींत सगळंच ओसरतं. त्यानंतर पुणे ते कन्याकुमारी, बारा दिवस. एकच रकाना वरपासून खालपर्यंत बदलत नाही. सोमवार: आराम.

मागच्या वर्षीही असाच कागद होता आणि त्यातले सोमवार मी खाऊन टाकले होते. अंगात जोर होता, पाय चालत होते, मग आठवड्यातला एक दिवस वाया का घालवायचा, असं वाटायचं. सोळा आठवड्यांत मी अकरा सोमवार सायकल चालवली. प्रत्यक्ष प्रवासाच्या तिसऱ्या दिवशी, धारवाडच्या अलीकडे, डावा गुडघा असा धरला की पेडलवर पाय हाताने उचलून ठेवावा लागला. सायकल बसच्या डिकीत आडवी घातली आणि परत आलो. रात्रभर खिडकीला डोकं टेकवून एकच विचार करत होतो. हा कागद आपण डोळे झाकून वापरतो, पण तो पहिल्यांदा केला कुणी? आणि त्यात हा रिकामा रकाना कुणी घातला?

पुढचे काही महिने त्याचाच माग काढत होतो. सरावाचा इतिहास म्हणजे कष्टांचा इतिहास असेल, अशी माझी समजूत होती. हाती लागला तो विश्रांतीचा इतिहास, आणि ती फार उशिरा, फार भांडणानंतर कागदावर आली आहे.

सर्वांत जुना धागा ग्रीसमध्ये सापडतो. फिलोस्ट्राटस नावाच्या लेखकाने इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात खेळाडूंच्या सरावावर एक ग्रंथ लिहिला. त्यात चार दिवसांच्या सरावचक्राचं वर्णन आहे. पहिल्या दिवशी अंग मोकळं करायचं, दुसऱ्या दिवशी जीव तोडून मेहनत, तिसऱ्या दिवशी सैल, चौथ्या दिवशी मध्यम. म्हणजे जड आणि हलके दिवस आलटून-पालटून ठेवावेत, हे शहाणपण अठराशे वर्षांपूर्वीचं आहे. पण फिलोस्ट्राटसला या चक्राचं कौतुक नाही, त्याचा राग आहे. तो गेरेनस नावाच्या पैलवानाची हकिकत सांगतो. ऑलिंपियात कुस्ती जिंकून आलेला हा माणूस मित्रांबरोबर जेवला-प्यायला, जागला, आणि दुसऱ्या दिवशी आखाड्यात येऊन वस्तादाला तसं सांगूनही बसला. वस्ताद भडकला. चक्र मोडलं म्हणून त्याने त्याच अवस्थेत गेरेनसकडून कसरत करून घेतली. गेरेनस तिथेच गेला. कागदावरचा आराम आणि शरीराला हवा तो आराम एकाच दिवशी येतील असं नाही, हे इतक्या जुन्या काळी कुणाच्या तरी जिवावर बेतून कळलं होतं.

मध्ये बरीच शतकं सोडून थेट इंग्लंडला येतो, कारण आजच्या कागदाचं रक्ताचं नातं तिथे आहे. १८०९ साली न्यूमार्केटला कॅप्टन बार्कले नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने एक हजार गिनींची पैज लावली: हजार तासांत हजार मैल चालायचं, दर तासाला एक मैल. हिशेब केला तर अंतर फार नाही. पण दर तासाला उठायचं म्हणजे बेचाळीस दिवस सलग झोप नाही. त्याने पैज जिंकली, मात्र वजन साडेचौदा किलोंनी उतरलं. वॉल्टर थॉम याने १८१३ च्या पुस्तकात बार्कलेची तयारी नोंदवून ठेवली आहे. आधी जुलाबाची औषधं, मग अंगावर कपडे लादून पळणं आणि घाम काढणं, अर्धकच्चं मांस, जुनी बिअर, पाणी जवळजवळ नाही. शर्यतीच्या घोड्याला तयार करण्याचीच ही तऱ्हा. त्यात मेहनतीचं मोजमाप होतं, विश्रांतीचं नव्हतं.

सायकल आली ती याच पायी शर्यतींच्या जगात. १८७८ साली लंडनच्या इस्लिंग्टनमधल्या ॲग्रिकल्चरल हॉलमध्ये डेव्हिड स्टँटनने सहा दिवसांत हजार मैल सायकल चालवण्याची पैज घेतली, आणि पाठोपाठ सहा दिवसांच्या शर्यतींचं पेव फुटलं. सहाच दिवस का, हे कळलं तेव्हा मी कागदाकडे नव्याने पाहिलं. रविवारी शर्यत चालत नसे, कारण तो देवाचा वार. त्या स्वारांना सातवा दिवस मिळाला तो चर्चमुळे. त्यांच्या स्नायूंचा विचार कुणी केला नव्हता. उरलेले सहा दिवस आणि सहा रात्री, जो कमी झोपेल तो जिंके. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये माणसं सायकलवर भ्रमिष्ट होईपर्यंत गोल फिरत आणि लोक तिकीट काढून ते पाहत. १८९८ साली न्यूयॉर्क राज्याने कायदा केला की एका स्वाराने दिवसाच्या चोवीस तासांत बारा तासांपेक्षा जास्त चालवायचं नाही. आयोजकांनी मग दोघादोघांच्या जोड्या केल्या, एक चालवेल तेव्हा दुसरा झोपेल. आजही त्या प्रकाराला मॅडिसन म्हणतात. सायकलच्या इतिहासातली सक्तीची विश्रांती कुठल्या प्रशिक्षकाने दिलेली नाही, ती कायद्याने दिली, हे मला विसरता येत नाही.

फ्रान्समध्ये याच दशकात रस्त्यावरची लांब शर्यत जन्मली. ६ सप्टेंबर १८९१ रोजी ‘ल पती जुर्नाल’ या वृत्तपत्राचे प्येर जिफार यांनी पॅरिसहून अटलांटिकच्या काठावरच्या ब्रेस्टपर्यंत आणि परत, सुमारे १,२०० किलोमीटर, अशी शर्यत ठेवली. दोनशेहून थोडे जास्त स्वार निघाले, शंभराच्या आत परतले. परतीच्या वाटेवर जिएल-लावाल नावाचा स्वार पुढे होता. ग्वँगां गावात तो झोपायला थांबला. ते कळताच त्याच्या मागे असलेला शार्ल तेराँ अंधारात, गाजावाजा न करता गावातून निसटला आणि ७१ तास २२ मिनिटांत, न झोपता, पॅरिसला पोहोचला. झोपणारा हरला, जागणारा जिंकला. लांब पल्ल्याच्या सायकलिंगची ही पहिली मोठी कथा, आणि दुर्दैवाने तिने चुकीचा धडा पुढे दिला असं मला वाटतं. गेल्या वर्षी सोमवार खाताना माझ्या डोक्यात असलंच काहीतरी होतं.

त्या धड्याला लेखी रूप देणारा माणूस म्हणजे आँरी देग्राँज. १८९३ साली त्याने तासाभरात ३५.३२५ किलोमीटरचा विक्रम केला आणि पुढच्या वर्षी ‘डोकं आणि पाय’ अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक लिहिलं. एका तरुण सायकलपटूला लिहिलेली पत्रं, अशा थाटातलं हे पुस्तक सायकलच्या सरावावरचं सुरुवातीचं मार्गदर्शन मानता येईल. शिस्त, निग्रह, संसारसुखापासून लांब राहणं, असा त्याचा सूर. याच देग्राँजने १९०३ साली तूर द फ्राँस सुरू केली. गंमत अशी की ती पहिली तूर आजच्यापेक्षा दयाळू होती. १९ दिवसांत फक्त सहा टप्पे, मध्ये एकेक ते तीन-चार दिवसांची उसंत. टप्पे मात्र राक्षसी, पहिलाच पॅरिस ते लिऑं ४६७ किलोमीटर. ६० निघाले, २१ पोहोचले, मोरिस गारँ जिंकला. आज २१ टप्प्यांना विश्रांतीचे दिवस दोनच असतात.

याच्या बरोबर उलट टोकाला एक माणूस होता, आणि माझ्या कागदावर मी त्याचं ऋण सर्वांत मोठं मानतो. पोल द व्हिव्ही, टोपणनाव व्हेलोसिओ. सेंत-एत्येन या कारखान्यांच्या गावातला रेशीमव्यापारी, पुढे सायकली विकू लागला, १८८७ पासून सायकलवरचं मासिक चालवलं. शाकाहारी होता. गिअर बदलण्याच्या यंत्रणेसाठी आयुष्यभर भांडला. देग्राँजच्या तूरमध्ये डिरेलरला १९३७ पर्यंत परवानगी नव्हती, म्हणजे व्हेलोसिओच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी. सुट्टी मिळाली की तो रात्रभर सायकल चालवत प्रोव्हान्सच्या उन्हात उतरायचा, शेकडो किलोमीटर, आणि कामाला परत हजर. वयाच्या साठीतही.

त्याने प्रवाशांसाठी सात नियम घालून दिले. थांबे थोडे आणि छोटे. खाणं हलकं आणि वारंवार, भुकेच्या आधी खावं आणि तहानेच्या आधी प्यावं. थंडी वाजण्याआधी अंगावर घ्यावं, उकडण्याआधी काढावं. वाटेवर दारू, मांस, तंबाखू नको. पहिल्या काही तासांत जोर लावू नये, कारण तेव्हाच तो लावावासा वाटतो. दिखाव्यासाठी पेडल मारू नये. आणि जो मी शेवटी ठेवला आहे तो: जेवण नकोसं होईल आणि झोप उडेल इतकं कधीच थकू नये.

हा नियम मी पेन्सिलीने कागदाच्या वरच्या कडेला लिहून ठेवला आहे. थकव्याचं इतकं अचूक माप मला दुसरीकडे सापडलं नाही. एका दिवसाच्या शर्यतीत माणूस रिता झाला तरी चालतं, उद्या कुठे जायचं नसतं. सलग बारा दिवसांच्या प्रवासात आजची सायकल उद्याच्या पायांवर चालते. संध्याकाळी लॉजवर पोहोचल्यावर ताटातली भाकरी समोर असून घास उतरत नसेल, अंगात कणकण असेल, डोळा लागत नसेल, तर दिवस कितीही चांगला गेलेला असो, उद्या त्याची वसुली होणार. गेल्या वर्षी कोल्हापूरला दुसऱ्या रात्री माझं हेच झालं होतं. पांढऱ्या रश्शाची वाटी तशीच परत गेली. मी घड्याळातला सरासरी वेग पाहून खूश होतो.

शनिवार-रविवारचे वाढते आकडे आले कुठून, तर तो धागा इटलीत सुरू होतो. १२ जून १८९७ रोजी काही इटालियन सायकलस्वार रोमहून नेपल्सला, २३० किलोमीटर, एका दिवसाच्या उजेडात गेले. लॅटिनमधला ‘धाडसी’ हा शब्द घेऊन त्यांनी स्वतःला औडाक्स म्हणवून घेतलं. १९०४ मध्ये देग्राँजने ही कल्पना फ्रान्समध्ये आणली, सगळ्यांनी कप्तानामागे एका चालीने जायचं. १९२१ साली त्यातून फुटून पॅरिसच्या क्लबने मुक्त गतीची पद्धत सुरू केली: ज्याने-त्याने आपल्या चालीने जावं, फक्त ठरलेल्या वेळेत पोहोचावं. तीच आपल्याकडच्या बीआरएम फेऱ्यांची पद्धत. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. एका वर्षात चारही केल्या की सुपर रँडॉनर, आपल्या मुलांच्या भाषेत ‘एसआर झालं’. दर चार वर्षांनी होणाऱ्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला जायचं तर आधी ही शिडी चढून यावं लागतं.

ही प्रवेशपरीक्षा वाटते, पण नीट पाहिलं तर तीच सरावाची आखणी आहे. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या दीडपटीच्या आसपास. ताशी पंधरा किलोमीटरची चाल धरली, त्यात खाणं, पंक्चर, डुलकी सगळं बसवलं, तर कट-ऑफ गाठता येतो. २०० ला दिवा लागत नाही, ३०० ला अंधार भेटतो, ४०० ला पूर्ण रात्र, आणि ६०० ला कुठे आणि किती झोपायचं हे स्वतः ठरवावं लागतं. तेराँच्या शर्यतीची ही पणती, पण हिच्या वेळेच्या हिशेबात झोपेला जागा आहे. आपल्या देशात औडाक्स इंडिया रँडॉनर्स उभी राहिली ती पुण्याच्या दिव्या ताटे यांच्या पुढाकाराने, आणि आज पुणे, मुंबई, नाशिक, नागपूरहून पहाटे टॉर्च लावून निघणारी माणसं याच शिडीवर असतात.

पण लांबची सायकल शनिवार-रविवारीच का? शरीराला वार कळत नाहीत. ग्रीक वस्तादाचं चक्र चार दिवसांचं होतं, माझं सात दिवसांचं आहे, कारण माझी सुट्टी सात दिवसांनी येते. आणि ती सुट्टी आपल्याकडे आपोआप आलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे, सत्यशोधक, यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. तेराँ ब्रेस्टहून परतला त्याच्या जेमतेम सव्वा वर्ष आधी. सायकलच्या पुस्तकांत लोखंड्यांचं नाव येत नाही. माझ्या कागदावर मात्र रविवारच्या १०० किलोमीटरखाली त्यांचंच कर्तृत्व आहे. फ्रान्समध्येही १९३६ साली कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली, तेव्हाच माणसं टँडेम घेऊन समुद्राकडे निघाली. अनेक दिवसांचा सायकलप्रवास हा सामान्य माणसाचा झाला तो रजेमुळे.

मुंबईच्या सहा पारशी तरुणांकडे मात्र कसलीच रजा नव्हती, होतं ते वेड. बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे हे सदस्य १५ ऑक्टोबर १९२३ ला जगप्रदक्षिणेला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे मार्च १९२८ मध्ये परतले, सुमारे ७१,००० किलोमीटर करून. मी हा आकडा दिवसांनी भागला: रोज चव्वेचाळीस. माझ्या कागदावरच्या पहिल्याच रविवारच्या निम्म्याहून कमी.

आता विज्ञानाकडे, आणि इथे मी घाईने जाणार आहे, कारण यंत्रांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. १९३६ साली हान्स सेल्ये यांनी ताणाला शरीर कसं उत्तर देतं हे मांडलं: आधी धक्का, मग प्रतिकार, आणि ताण हटलाच नाही तर शेवटी थकून कोसळणं. सोव्हिएत रशियात लेव्ह मात्वेयेव्ह यांनी १९६० च्या दशकात वर्षाचा सराव टप्प्यांत बांधला. दर चौथ्या ओळीत आकडे उतरवण्याची माझी रीत त्याच घराण्यातली. १९६७ मध्ये स्वीडनमध्ये बेर्गस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी स्नायूंतून सुईने नमुने काढून दाखवलं की पिष्टमय आहाराने स्नायूंतला ग्लायकोजेनचा साठा वाढतो आणि तो जितका, तितका वेळ माणूस टिकतो. हा साठा सगळा मिळून चार-पाचशे ग्रॅम. जोरात चालवली तर दोन-तीन तासांत रिता, आणि नीट जेवूनही पूर्ण भरायला साधारण दिवस लागतो. म्हणून शनिवारनंतर लगेच रविवार. अर्ध्या भरलेल्या साठ्यावर सकाळी पेडल मारायला लागणं कसं वाटतं, राजगिऱ्याचा लाडू किती वाजता तोंडात टाकला तर बाँक होत नाही, म्हणजे साठा संपून अंग गळत नाही, हे शरीराला त्या रविवारी कळतं.

१९७५ साली कॅनडात बॅनिस्टर यांनी जलतरणपटूच्या नोंदींवरून दोन रेघांचं गणित मांडलं. सरावाने कमावलेली ताकद हळू चढते आणि हळू उतरते, थकवा झटकन चढतो आणि झटकन उतरतो. आजची सॉफ्टवेअर पहिलीसाठी ४२ दिवस आणि दुसऱ्यासाठी ७ दिवस धरतात. शेवटचे दोन आठवडे अंतर निम्म्यावर आणावं आणि जोर तसाच ठेवावा, हे ‘टेपर’ याच गणितातून समजतं. थकवा निघून जातो, ताकद अजून तिथेच असते. सोमवारी आपण काही कमावत नाही, असं मला वाटायचं. आधीच्या सहा दिवसांची कमाई हाताला लागते ती त्याच दिवशी.

एक नियम मात्र मी यंदा खोडला. दर आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये, असं सगळे सांगतात. तो धावणाऱ्यांकडून आला. नेदरलँड्समध्ये २००८ साली नवख्या धावपटूंवर तो तपासला, तेव्हा हळूहळू वाढवणारे आणि भरभर वाढवणारे दोन्ही गट जवळपास सारखेच जखमी झाले. दहा हा आकडा लक्षात ठेवायला सोपा आहे, एवढंच.

पुढे १९८२ ला छातीवर बांधायचा बिनतारी हृदयमापक आला, १९८६ ला उलरिख शोबेरर यांनी पेडलवरचा जोर वॅटमध्ये मोजणारं एसआरएम केलं. मोजमाप अचूक झालं. या यंत्रांच्या जोरावर आपली माणसं कुठवर गेली हेही पाहिलं पाहिजे. नाशिकचे डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी रॅम शर्यत जोडीने पूर्ण केली, पुढे २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने. सुमारे ४,८०० किलोमीटर, एकट्या स्वाराला बारा दिवस. तिथे तेराँचं जागरण पुन्हा भेटतं. माझ्यासारख्याचा तो मार्ग नाही, पण ती माणसं किती मिनिटं झोपायचं हे किती काळजीने ठरवत असतील, याची कल्पना आता करता येते.

यंदाची बारावी ओळ चालू आहे. कालच्या रविवारी सासवड, जेजुरी, मोरगाव करून १३० झाले. घरी आल्यावर दोन वाट्या आमटी-भात खाल्ला आणि नऊला झोपलो. आज सोमवार. सायकल गॅलरीत उलटी उभी केली, जुन्या बनियनच्या तुकड्याने चेन पुसली, तेलाचे थेंब कडीकडीवर सोडले, मागचं चाक हाताने फिरवून आवाज ऐकला. मग आत येऊन कपाट उघडलं आणि कागदाच्या मागच्या बाजूला प्रवासाचे बारा दिवस लिहून काढले. सातारा, कोल्हापूर, बेळगाव, धारवाड असं करत सहाव्या दिवशी बेंगळुरू. सातव्या दिवसापुढे गाव तेच लिहिलं, आणि किलोमीटरच्या जागी एक आडवी रेघ मारली.